स्पर्धा घेण्याआधी एकदा केळीच्या बागेत या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत स्टार्टअप, नवउद्योजकता, इन्क्युबेशन हे शब्द कानावर पडू लागले आहेत. राज्याचं स्टार्टअप धोरण 2018 मध्ये आलं आणि महाविद्यालयांत शिबिरं सुरू झाली. मी आयुष्यभर आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला, त्यामुळे आपली पोरं काही नवं करू पाहतात याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी केळीचे घड बागेतून बांधापर्यंत आणण्यासाठी एक अरुंद, एकचाकी गाडी तयार केली. पावसाळ्यात कापणी आली की काळ्या रानात ट्रॅक्टर जात नाही. मजूर चिखलातून डोक्या-खांद्यावर घड वाहतात. घड जरा कुठे घासला की साल काळी पडते आणि व्यापारी तेवढ्यावरून भाव पाडतो. या गाडीत घड टांगून येतो, कशाला घासत नाही. दोन ओळींमधून वळावी म्हणून पोरांनी तिचा सांगाडा चार वेळा कापून पुन्हा वेल्डिंग केला. मोठ्या शहरातल्या एका स्पर्धेत ते ती घेऊन गेले. हे देशभर कुठे-कुठे खपेल आणि यात ॲप कुठे आहे, असे दोन प्रश्न त्यांना विचारले गेले आणि पहिल्याच फेरीत ते बाद झाले. परीक्षकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांनी केळीची बाग आतून पाहिलेली नव्हती, आणि माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

आपल्याकडे जे नवं टिकलं, ते इथल्या अडचणीतून उगवलं म्हणून टिकलं. ठिबक सिंचनाचंच घ्या. तंत्र इस्रायलचं, 1960 च्या दशकातलं. उद्योजक भवरलाल जैन यांनी ते जळगावात रुजवलं ते 1980 च्या दशकात. पण त्याआधीची वाट पाहिली पाहिजे. 1963 पासून त्यांचा व्यापार होता, पुढे शेतीला लागणारा माल आला, 1978 मध्ये केळीच्या भुकटीचा एक जुना कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन हे पाचक द्रव्य काढणं सुरू झालं, मग पीव्हीसी पाईप आले. म्हणजे ठिबक आलं तेव्हा पाईप ओढणारे हात इथे तयार होते, आणि शेतकऱ्याची ओळखही झालेली होती. शिवाय नळ्या अंथरल्या म्हणजे काम संपत नाही. क्षारांच्या पाण्याने थेंब सोडणारे ड्रिपर बुजतात, उंदीर आणि खारी लॅटरल म्हणजे ओळीतल्या बारीक नळ्या कुरतडतात, हप्ता फिटेपर्यंत कुणीतरी थांबावं लागतं. हे सगळं सांभाळणारी माणसं गावोगावी उभी राहिली. फिटिंगची दुकानं आली, पाण्यातून खत सोडणारी व्हेंचुरी बसवणारे, फिल्टर दुरुस्त करणारे आले. कंदाची केळी कापणीला यायला पूर्वी दीड वर्ष लागायचं, ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची) ग्रँड नैन जात ठिबकावर साधारण अकरा-बारा महिन्यांत येते. आज जळगावच्या एमआयडीसीत पाईप आणि चटईचे कारखाने शेजारी-शेजारी आहेत. एकीकडे डाय म्हणजे साचा बसवायला शिकलेला माझा विद्यार्थी दुसरीकडे ऑपरेटर होतो. असं कसब गावात मुरायला तीस-चाळीस वर्षं जातात. नुसती इमारत बांधून ते येत नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच घरातलं आहे. विप्रो 1945 मध्ये अमळनेरला सुरू झाली, ती तेलासाठी. खान्देशात भुईमूग होता, म्हणून तेलगिरणी इथे आली. हीच कंपनी 1980 च्या सुमारास संगणकाकडे वळली तेव्हा मात्र बंगळूरला गेली. तिथे 1909 पासून भारतीय विज्ञान संस्था होती, विमानं बनवणारं एचएएल होतं, 1954 पासून भारत इलेक्ट्रॉनिक्स होतं, आणि त्या कामात मुरलेले अभियंते होते. अमळनेरकरांचा यात काही दोष नाही. तेलासाठी लागणारी भोवतालची माणसं इथे होती, संगणकासाठी लागणारी तिथे होती.

नवकल्पना म्हणजे यंत्रच असतं असंही नाही. धुळे जिल्ह्यातल्या पांझरेकाठची फडपद्धत तीन-चारशे वर्षं जुनी. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि गावाची शेती फडांत म्हणजे मोठ्या पट्ट्यांत वाटलेली. एका फडात एका वर्षी एकच पीक, पुढच्या वर्षी पिकं फिरायची. पाणी कमी असलं की कोणता फड कोरडा ठेवायचा ते गाव बसून ठरवायचं, आणि पाणी सोडायला पाटकरी असायचा. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर पंप बसले, तशी ती मागे पडली. पण पाणी कुणाला किती हे भांडण न करता ठरवण्याची एवढी जुनी युक्ती आपल्या अंगणात असताना एकाही शिबिरात मी तिचं नाव ऐकलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

शिरपूरचंही तसंच. भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांनी पाणी जमिनीत मुरावं म्हणून तिथले नाले रुंद आणि खोल केले ते भूगर्भ ओळखून. तालुक्यात एकीकडे गाळाचा प्रदेश, दुसरीकडे काळा पाषाण. गाळातला चिकट पिवळा थर पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून तो फोडून काढायचा. त्यांनी भूजल खात्यात हयात घालवली होती, त्यांना ते कळलं. पुढे खोलीकरणाचं लोण राज्यभर गेलं. जिथे खाली तो थर नव्हता तिथेही जेसीबी लागले आणि भूजलतज्ज्ञांना हरकत घ्यावी लागली. शिरपूरहून घेण्यासारखी गोष्ट होती ती जमीन आधी तपासण्याची. नेला गेला तो जेसीबी.

माझ्या गावाची एक आठवणही सांगावीशी वाटते. 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. गांधीजींच्या आग्रहावरून नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबूसारख्या साध्या, गावात मिळणाऱ्या साहित्यातून केली. तेव्हा एवढा मोठा चित्रकार आमच्या गावच्या बांबूकडे पाहून काम ठरवत होता.

म्हणून विद्यापीठ, जिल्हा उद्योग केंद्र आणि शिबिरं भरवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. शेतीच्या नव्या अवजाराची परीक्षा सभागृहात घेऊ नका. रावेर-सावद्याच्या बागेत कापणीच्या दिवसांत घ्या. परीक्षकांत एक केळी उत्पादक, एक व्यापारी आणि एक वर्कशॉपवाला असू द्या. तीन महिन्यांत निकाल मागणाऱ्या योजना केळीला लागू पडत नाहीत, कारण हे पीकच वर्षाचं. चाचणीसाठी पैसे द्यायचे तर निदान एका बागेच्या लागवडीपासून कापणीपर्यंत पुरतील असे द्या. केळीवरचा हरण्या हा विषाणूरोग दिसेस्तोवर उशीर झालेला असतो आणि रोपं उपटून फेकण्यापलीकडे काही उरत नाही. तो आठ दिवस आधी ओळखता आला तर किती घरं वाचतील! हा प्रश्न कुणी विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. आणि तो त्यांच्या बोलीत ठेवावा. यावलकडे लेवा बोली, धुळ्याकडे अहिराणी, सातपुड्यात पावरी आणि भिलोरी. ज्याला अडचण आहे त्याला ती मोकळेपणाने सांगता आली पाहिजे.

शेवटची विनंती माझ्या जुन्या खात्याला. आयटीआयची लेथ आणि वेल्डिंग यंत्रं संध्याकाळी पाचनंतर बंद पडून असतात. शिल्पनिदेशकाच्या देखरेखीत, ठरलेल्या भाड्याने ती बाहेरच्या पोरांना वापरू द्यावीत. निवृत्त माणसांना बोलावलंत तर मी स्वतः आठवड्यातून तीन संध्याकाळी विनामोबदला उभा राहीन. त्या गाडीचा पाचवा सांगाडा अजून व्हायचा आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव