पॉवर वाढवली, पण शाफ्टचं काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाहन पुरवणीत गाड्यांची पॉवर वाढवण्यावर जे लेख येतात ते मी आवर्जून वाचतो. रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), टर्बो, इंटरकूलर, एक्झॉस्ट सगळं व्यवस्थित समजावलेलं असतं, पण हा सगळा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, गिअरबॉक्समधून निघून चाकापर्यंत ज्या शाफ्टवरून आणि जॉइंटमधून जातो त्यांच्याबद्दल एक ओळ नसते, आणि असलीच तर "हेवी ड्यूटी अॅक्सल टाकून घ्या" एवढीच असते. पोरं ते वाचतात आणि तेवढंच करतात. मला या विषयाबद्दल मनापासून वाटतं म्हणून हे जरा लांबलचक पत्र. शाफ्ट नुसत्या पॉवरने क्वचितच तुटतो, तो तुटतो झटक्याने, आणि झटका येतोय कुठून हे न बघता महागडे शाफ्ट बसवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी हिशोब बघू. इंजिन ४०० न्यूटन-मीटरचं, पहिल्या गिअरचा रेशो ३.५, फायनल ड्राइव्ह (डिफरन्शियलमधला शेवटचा रेशो) ४, म्हणजे गुणाकार ५६००, आणि दोन हाफ शाफ्टमध्ये (डिफरन्शियलपासून एकेका चाकाकडे जाणारे) वाटला तर प्रत्येकी २८००. रीमॅप करून इंजिन ५२० वर नेलं की तेच ३६४०. हा आकडा बघून माणूस घाबरतो आणि जाड शाफ्टची ऑर्डर देतो. पण तो टॉर्क रस्त्यावर उतरवायचं काम टायरचं आहे ना, मग टायर किती घेतो ते पण मोजा. चाकावर ४०० किलो भार, टायरची त्रिज्या ३२ सेंटिमीटर आणि ग्रिप अगदी चांगली, म्हणजे १ धरली, तरी साधारण १२५० न्यूटन-मीटरला टायर घसरायला लागतो. म्हणजे साध्या रोड टायरवर एकसारखा ताण धरला तर २८०० पण शाफ्टपर्यंत येत नाहीत आणि ३६४० पण येत नाहीत, टायर आधीच सुटतो. तेच चिकट कंपाउंडचे टायर टाकले, ग्रिप १.४ झाली, की आकडा १७५० च्या पुढे जातो, आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर जोरात निघताना वजन मागे येतं त्यामुळे अजून वाढतो. म्हणून कोणी मला शाफ्टबद्दल विचारलं तर मी आधी टायर कुठला ते विचारतो, हॉर्सपॉवर नंतर.

मग शाफ्ट तुटतात कशाने? एक तर ५००० आरपीएमला क्लच एकदम सोडल्याने, कारण तेव्हा इंजिनचा टॉर्क तर असतोच पण फिरत असलेल्या क्रँक आणि फ्लायव्हीलमध्ये साठलेली सगळी ताकद एका क्षणात शाफ्टवर येते. आणि दुसरं, माझ्या मते याहून वाईट, म्हणजे व्हील हॉप. चाक उड्या मारतं, हवेत गेलं की सुसाट फिरतं, खाली टेकलं की रस्ता त्याला खाडकन पकडतो, परत उडतं, परत पकडतं, आणि हे सेकंदात कितीतरी वेळा होतं. ज्यांनी गाडीत बसून ते धडधडणं अनुभवलंय त्यांना माहीत आहे की तेव्हा अॅक्सिलरेटर लगेच सोडायचा असतो. हे हॉप येतं ते ढिल्या इंजिन माउंटिंगमुळे, कंट्रोल आर्मच्या मऊ पडलेल्या रबरी बुशमुळे, मागच्या सबफ्रेमच्या बुशमुळे, नाहीतर संपलेल्या शॉक अॅब्झॉर्बरमुळे. हे पार्ट शाफ्टपेक्षा सहसा स्वस्त असतात आणि यांचा फोटो टाकून कोणी कौतुक करत नाही, म्हणून ते शेवटी बदलले जातात, खरं तर ते पहिले बदलायला हवेत.

एवढं सगळं करूनही शाफ्ट बदलायची वेळ येते, नाही असं नाही. तेव्हा व्यासाचं गणित लक्षात ठेवावं, पीळ सहन करायची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणजे २८ मिलिमीटरचा शाफ्ट ३०.५ चा केला, जेमतेम अडीच मिलिमीटर वाढवले, तरी ताकद जवळपास ३० टक्के वाढते. मधला गाभा फारसं काम करत नाही, आतून अर्ध्या व्यासाचं भोक पाडलं तर वजन २५ टक्के कमी होतं आणि ताकद फक्त ६ टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणून पोकळ शाफ्ट दिसला की तो कच्चा असं समजू नका. अजून एक गोष्ट उलटी वाटते. चांगले रेसिंगचे शाफ्ट मधे मुद्दाम थोडे बारीक केलेले असतात, स्प्लाइनच्या (टोकावरच्या लांब दात्यांच्या) खाचेइतके किंवा त्याहून जरा कमी, म्हणजे पीळ सगळ्या लांबीत वाटला जातो आणि स्प्लाइनच्या तोंडाशी किंवा सर्क्लिपच्या (शाफ्ट जागेवर धरणाऱ्या कडीच्या) खाचेत एकाच जागी जमा होत नाही. बाकी स्टीलचा ग्रेड ४३४० आहे का ३००एम, हे महत्त्वाचं आहेच (३००एम विमानाच्या लँडिंग गिअरमध्ये वापरतात), पण हीट ट्रीटमेंट नीट नसेल तर नुसत्या नावाला काही अर्थ नाही.

तुटलेला शाफ्ट फेकून देऊ नका, हातात घेऊन तुटलेला भाग पुसून नीट बघा. सपाट, काटकोनात तुटलेला असेल आणि शेजारच्या स्प्लाइन पिळून तिरक्या झाल्या असतील तर एका मोठ्या झटक्यात गेलाय. शिंपल्यावर असतात तशा एकाआड एक वळ्या दिसल्या आणि एकाच कोपऱ्यात शेवटचा खडबडीत तुकडा असेल तर भेग कधीपासूनच वाढत होती, शेवटच्या दिवशी फक्त निमित्त झालं. दोन्हींचा इलाज वेगळा आहे. आणि नवा शाफ्ट बसवायच्या आधी त्यावर लांबीभर पेंटने एक सरळ रेघ मारून ठेवा, काही दिवसांनी खाली वाकून बघा, रेघ नागमोडी नाहीतर स्क्रूसारखी तिरकी झाली असेल तर धातू कायमचा पिळला गेलाय, तो शाफ्ट काढा. याला ना मशीन लागतं ना खर्च.

मागच्या चाकांच्या गाड्यांमध्ये प्रोपेलर शाफ्टचं (पुढून मागच्या डिफरन्शियलकडे जाणाऱ्या लांब शाफ्टचं) प्रकरण वेगळं आहे, तिथे पीळ कमी पण स्पीड जास्त. टायरचा घेर २ मीटर धरा, १८० किलोमीटरच्या वेगाला चाक मिनिटाला १५०० वेळा फिरतं आणि फायनल ड्राइव्ह ४ असेल तर शाफ्ट ६००० वेळा. या स्पीडला ४० मिलिमीटर त्रिज्येवर फक्त १० ग्रॅमचा बॅलन्स चुकला तरी बाहेर खेचणारा जोर सुमारे १६ किलोचा होतो, आणि तो स्पीडच्या वर्गाने वाढतो. पिकअपसाठी फायनल ड्राइव्ह ३.५ वरून ४.१ करणारे बरेच असतात, पण त्याच वेगाला शाफ्ट आता १७ टक्के जास्त फिरतोय हे कोणाच्या डोक्यात येत नाही. प्रत्येक शाफ्टचा एक क्रिटिकल स्पीड असतो, त्याच्या जवळ गेला की तो मधून धनुष्यासारखा वाकायला लागतो, आणि लांबी दुप्पट झाली की हा स्पीड चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच लांब गाड्यांना दोन तुकड्यांचा शाफ्ट आणि मधे सेंटर बेअरिंग देतात, ते काढून एकच लांब शाफ्ट टाकायचा तर हे गणित करूनच टाकावा. अॅल्युमिनियम हलका असतो म्हणून फायदा होतो असं सगळे सांगतात, पण तो तेवढाच कमी ताठ पण असतो, खरा फायदा नळी मोठ्या व्यासाची करता येते म्हणून मिळतो. कार्बन फायबर मात्र हलका आणि ताठ दोन्ही, २०१३ च्या फोर्ड शेल्बी जीटी५०० ला कंपनीतूनच कार्बनचा शाफ्ट होता, आणि निसान जीटी-आरमध्ये गिअरबॉक्स मागे असल्याने मुख्य शाफ्ट इंजिनच्याच स्पीडने फिरतो म्हणून तिथेही कार्बन कॉम्पोझिट वापरला. बीएमडब्ल्यूने एम३ आणि एम४ ला दिलेला कार्बनचा शाफ्ट २०१७ च्या शेवटी काढून स्टीलचा बसवला, कारण एक्झॉस्टच्या पार्टिक्युलेट फिल्टरला जागा हवी होती. एवढी मोठी कंपनी असा बदल करते आणि गाडी तरीही जोरातच पळते, यावरून कळतं की शाफ्टच्या वजनावरून पिकअप किती वाढेल याच्या अपेक्षा जमिनीवर ठेवाव्यात.

गाडी खाली बसवल्यावर जॉइंटचे अँगल बदलतात हे पण कोणी सांगत नाही. युनिव्हर्सल जॉइंटचा (प्रोपेलर शाफ्टच्या टोकांना असलेल्या क्रॉसवाल्या जॉइंटचा) स्वभावच असा की अँगलमध्ये फिरताना पुढच्या शाफ्टचा स्पीड एका फेरीत दोनदा कमीजास्त होतो, दोन्ही टोकांचे अँगल सारखे आणि क्रॉस एका रेषेत असले तरच ते एकमेकांना खोडतात. आणि अँगल अगदी शून्य पण नको, नाहीतर जॉइंटच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी घासून खड्डे पाडतात. सीव्ही जॉइंटमध्ये (हाफ शाफ्टच्या टोकांना असतो तो) स्पीडची भानगड नाही पण जास्त अँगलला तो तापतो, त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस गेलं आणि माती आत शिरली की स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कट कट आवाज सुरू होतो.

आता सगळ्यात कळकळीचा मुद्दा. शाफ्ट मजबूत केला की झटका नाहीसा होत नाही, तो पुढच्या कमजोर पार्टवर जातो. तो पार्ट म्हणजे क्राउन-पिनियन (डिफरन्शियलचे गिअर) नाहीतर गिअरबॉक्सचे दात असले तर काम कितीतरी पटीने वाढतं, तुकडे तेलात फिरून बाकीचं पण खातात. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल किंवा लॉकर (एका चाकाला एकटं फुकट फिरू न देणारे) टाकला असेल तर एक चाक उचललं गेल्यावर जवळपास सगळा टॉर्क दुसऱ्या एकट्या शाफ्टवर जातो, वरचा अर्ध्या-अर्ध्याचा हिशोब तिथे चालत नाही. त्यामुळे काहीतरी आधी जाणारच हे गृहीत धरून, ते काय असावं हे आपण ठरवायचं, आणि ते बदलायला सोपं आणि जाताना कोणाला इजा न करणारं असावं. रोड कारला मी तरी म्हणेन क्लच घसरू दे. प्रोपेलर शाफ्ट पुढून तुटला तर त्याचं टोक रस्त्यात रुतू शकतं, म्हणून पुढच्या जॉइंटजवळ सेफ्टी लूप (शाफ्टभोवतीचं कडं) लावावाच. हब नट नवीनच वापरा, टॉर्क रेंचनेच आवळा, आणि तो पूर्ण आवळल्याशिवाय गाडीचं वजन चाकावर टाकू नका, बेअरिंग जातं.

तर विनंती अशी, की पुढच्या वेळी एखाद्या मॉडिफाय केलेल्या गाडीवर लेख छापाल तेव्हा हॉर्सपॉवरच्या आकड्याशेजारी टायर कुठला, माउंटिंग आणि बुश कुठले, डिफरन्शियल कुठलं आणि गिअरबॉक्सनंतर काय काय बदललं हे पण विचारून छापा. आणि जमलं तर एखाद्या अनुभवी मेकॅनिककडे पडलेल्या तुटक्या शाफ्टचे जवळून काढलेले फोटो, प्रत्येकाखाली तो कशामुळे तुटला ते लिहून, अर्धं पान द्या. पोरं ते पान कापून गॅरेजमध्ये लावतील.

आपला,
वाहन पुरवणीचा एक नियमित वाचक