बकलम कोण?

मा. संपादक,

गेले वर्षभर मी आठवड्यातून दोन दुपारी पुण्यातल्या एका विद्यापीठात जातो. जुन्या मोडी कागदांचे फोटो काढायचे, मजकूर देवनागरीत उतरवायचा आणि कोणालाही शोधता येईल असा संगणकावर ठेवायचा, असा तिथे प्रकल्प चालू आहे. मी बँकेतला निवृत्त माणूस. मोडी वडिलांनी शिकवली, एवढ्यावरच बोलावणे आले.

मोडीत लिहिणारा आधी पानभर रेघा ओढून घेई आणि मग त्यांना अक्षरे लटकवत जाई. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वर ‘सु॥ सबा सबैन मया व अलफ’ असला अरबी आकड्यांतला शुहूर सन. सात, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७७. त्यात ५९९ मिळवले की इ.स. १७७६ येते. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ साली जागा मिळाली खरी, पण कारकुनाचे घाईतले अक्षर संगणकाला वाचता यायचे, तर आधी माणसांनी वाचलेल्या हजारो ओळी त्याच्यापुढे ठेवाव्या लागतात. त्या ओळी वाचतात एम.ए.ची मुले.

आणि चांगली वाचतात! एका खासगी पत्रातले ‘तीनशेतेपावले’ मी ‘तीन शेते पावले’ असे तोडले होते. शेजारची मुलगी म्हणाली, “काका, शेत कसं पावेल? तीनशे, ते पावले.” रुपयांचा हिशेब होता. चाळीस वर्षे बँकेत काढून मला तो दिसला नाही.

गेल्या महिन्यात या कामाचे उद्घाटन झाले. श्रेयनामावलीत प्रमुख संशोधक, सल्लागार, तांत्रिक साहाय्य, देणगीदार असे सगळे नावानिशी होते. मुलांच्या वाट्याला एक ओळ: ‘विद्यार्थ्यांचे सहकार्य लाभले.’ कुठली ओळ कोणी वाचली, कोणी दुरुस्त केली, याची नोंद आतल्या यंत्रणेत आहे. बाहेर दाखवताना ती गाळली. प्राध्यापकांच्या मनात खोट आहे असे मी म्हणणार नाही, प्रकल्पप्रमुख बाई स्वतः रात्री आठपर्यंत बसतात. विचारले तर म्हणाल्या, मुले दरवर्षी बदलतात, यादी कुठवर वाढवायची? वाढू द्या की! संगणकावर कागद थोडाच संपतो?

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यात राहून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या आज ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर आहेत. एक लाखाहून अधिक ओव्या, आणि तिथे गाणाऱ्या बाईचे नाव येते, गाव येते. तिथे यादी लांबली म्हणून कोणी नावे गाळली नाहीत.

आम्ही जी कर्जखते वाचतो त्यांच्याच तळाशी पाहा. कर्ज घेणारा कुणबी नांगराची निशाणी करी आणि लिहिणारा आपले नाव घाली, ‘बकलम अमुक’, म्हणजे अमुकच्या लेखणीने. हा काही मानाचा शेला नव्हे. उद्या मजकुरावरून तंटा झाला तर कोणाला विचारायचे, ते त्यावरून ठरे. आमच्या लिप्यंतरात चूक निघाली तर वाचकाने कोणाला विचारावे? ‘सहकार्या’ला?

नव्या शैक्षणिक धोरणात संशोधन प्रकल्पाला आणि प्रत्यक्ष कामाला श्रेयांक आहेत. लिप्यंतराचे तास त्यात धरायला विद्यापीठाला अडचण नसावी. पण ती कमिट्यांची कामे, त्यांना वर्ष लागेल. नाव घालायला एक दुपार पुरते, कारण नोंद तयारच आहे.

ती ‘तीनशे’वाली मुलगी यंदा एम.ए. होऊन बाहेर पडेल. तिने वाचलेल्या पानांखाली तेवढे ‘बकलम’ लागावे, असे मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. शहरातल्या इतर महाविद्यालयांत अशी कामे चालू असतील, तर तिथल्या मुलांनीही आपापल्या सरांना, बाईंना विचारून पाहावे.

— एक मोडीवाचक, सदाशिव पेठ, पुणे