अँप्लिफायर घेण्याआधी टेबल तपासावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातील एका सभागृहात अलीकडे कुमार गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकवण्याची बैठक झाली. १९२४ साली कुमारजी जन्मले ते सुळेभावी गाव आपल्याच तालुक्यातले, त्यामुळे गर्दी चांगली होती. परंतु तंबोऱ्याच्या खर्जाखाली सतत घरघर ऐकू येत होती आणि आवाज वाढवला की तिचा घुमारा होत होता. आयोजकांनी दोष तबकड्यांना दिला व नव्या अँप्लिफायरसाठी वर्गणीचे आवाहन केले, म्हणून हे पत्र.

टर्नटेबल (तबकडी फिरवणारे यंत्र) आणि स्पीकर दोन्ही एकाच पोकळ लाकडी मंचावर होते. हळुवार सुरांसाठी तबकडीच्या खाचेतील वळणे एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात, आणि खाच हलली की टेबल हलले हे सुईला कळत नाही. शिवाय तबकडी कोरताना दाबलेला खर्ज वाजवताना पुन्हा उचलावा लागतो. २० हर्ट्झजवळ (सेकंदाला २० कंप) ही वाढ मध्यम स्वरांच्या तुलनेत जवळजवळ २० डेसिबल, म्हणजे दहापट असते, आणि तिच्याबरोबर मंचाची थरथरही तितकीच वाढते. ती स्पीकरमधून बाहेर पडते, फळ्यांतून परत सुईकडे येते आणि हे चक्र चालूच राहते.

खाली स्पंजचा तुकडा सरकवून हे थांबेलच असे नाही. प्रत्येक लवचीक आधाराची स्वतःची डोलण्याची वारंवारिता असते. तिच्या सुमारे १.४ पटीच्या वरचाच कंप तो अडवतो, खालचा उलट वाढवू शकतो. भाराने १० मिलिमीटर दबणारी स्प्रिंग साधारण ५ हर्ट्झला डोलते, म्हणून ती उपयोगी पडते. अमेरिकी संशोधक एडगर विल्चर यांनी १९६१ च्या एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीच्या टर्नटेबलमध्ये तबकडी आणि टोनआर्म (सुई धरणारी दांडी) एकाच स्प्रिंगवरच्या चौकटीवर बसवले, कारण दोन्ही एकत्र हलले तर सुईला खाचेखेरीज फारसे काही जाणवत नाही. आपल्याकडे भिंतीत पक्की बसवलेली कडाप्प्याची फळी हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मोबाइलवरून गाणी लावणाऱ्यांनी मात्र त्याखाली ठेवण्याच्या महागड्या गाद्यांच्या नादी लागू नये. तिथे सुईच नाही.

थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवून, आवाज बेताने वाढवून टेबलावर हलकी टिचकी मारावी. स्पीकरमधून धप्प असा आवाज आला, तर दोष अँप्लिफायरचा नाही. वर्गणीच्या पावत्या छापण्याआधी आयोजकांनी एवढे करून पाहावे, ही विनंती.

आपला,
एक श्रोता, टिळकवाडी, बेळगाव