भाजलं आम्ही, मग सर्व्हिस चार्ज कशाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात नवनवीन हॉटेलांबद्दल येत असते, ते आम्ही घरी वाचतो, म्हणून हे पत्र. गोष्ट मुंबईची आहे पण नागपूरकरांच्याही कामाची आहे, कारण टेबलातच शेगडी बसवलेले हॉटेल आता आपल्याकडं पण आहेत आणि पोरासोरांचा वाढदिवस म्हटला की सगळे तिकडंच धावून राहिले.

झालं असं की गेल्या महिन्यात आम्ही दोघं विदर्भ एक्सप्रेसनं लेकीकडं गेलो. जावईबापूंचं प्रमोशन झालं होतं, ते म्हणाले बाबा, आज तुम्हाला व्हिएतनामी बार्बेक्यू खाऊ घालतो. मी सावजीवर वाढलेला माणूस, मला काय, भाजलेलं मटण म्हटलं की मी तयार. पण आमची सौ. माळकरी आहे, ती म्हणे तुम्ही जा, मी घरी दहीभात खाते. लेकीनं ऐकलं नाही, तिथं व्हेज पण मिळते म्हणून सांगितलं आणि नेलं.

हॉटेल छान होतं, त्यात वाद नाही. टेबलाच्या मधोमध खड्डा, त्यात कोळशाची शेगडी, वर तारेची जाळी, आणि छतातून एक नळकांडं खाली आलेलं जे धूर ओढून घेते. थोड्या वेळानं प्लेटी आल्या आणि त्यात सगळं कच्चं. सौ. नं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "काहून जी, हे आपणच भाजाचं का?" मी म्हटलं हो, तीच तर गंमत आहे. "मग हॉटेलात काहून आलो बाप्पा?" तेव्हा आम्ही सगळे हसलो, पण बिल आलं तेव्हा समजलं की प्रश्न बरोबर होता.

आधी जेवणाबद्दल सांगतो, कारण जेवण खरंच आवडलं. डुकराच्या मांसाचे पातळ काप गवती चहा, लसूण, साखर आणि फिश सॉसमध्ये मुरवलेले. आपण गवती चहा फक्त चहात टाकतो, हे लोक त्याची बुडखी ठेचून मांसाला लावतात, आणि ते जाळीवर पडलं की साखर करपायला लागते आणि जो वास सुटतो ना, मला एकदम शेतातला रोडग्यांचा कार्यक्रम आठवला, गोवऱ्यांचा आर आणि वांग्याची भाजी. दुसरा एक पदार्थ पानात गुंडाळून भाजलेला. त्यांच्याकडं त्यात गोमांस असते, इथं चिकन होतं. त्या पानाला लोट म्हणतात, ते आपल्या विड्याच्या पानाचंच भाऊबंद आहे, दोन्ही मिरीच्या कुळातले. दिसायलाही तसंच, चकचकीत हिरवं. आमच्या रामटेकच्या पानमळ्यांजवळ राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे आजवर कसं आलं नाही याचंच मला नवल वाटलं.

खायची पद्धतही वेगळी. तांदळाचा कागदासारखा पातळ पापड येतो, वाळलेला, त्यावर जाळीजाळीची नक्षी असते कारण तो बांबूच्या ताटीवर उन्हात वाळवतात. सौ. भंडाऱ्याची, तिनं हातात घेऊन उजेडात धरला आणि म्हणाली हा तर आपल्या खाटेवरच्या वाळवणासारखाच आहे. तो पाण्यातून काढायचा, नरम झाला की त्यात भाजलेला तुकडा, शेवया, काकडी आणि मूठभर पाला ठेवून गुंडाळायचं. पाला म्हणजे पुदिना, कोथिंबीर आणि त्यांची तुळस. तुळस पाहून सौ. जरा थबकली, गळ्यात माळ आणि पानात पण तुळस, मग म्हणाली नैवेद्यावर ठेवतोच ना आपण, चालते. माझा पहिला पापड पाण्यात जास्त राहिला आणि ओल्या धोतरासारखा हाताला चिकटला. लेकीनं फोटो काढला, तो आता सगळ्या नातेवाइकांकडं पोचला आहे.

हे सगळं आम्हाला शिकवलं एका पोरीनं. ईशान्येकडची असावी, हिंदी मोडकंतोडकं पण बोलणं फार गोड. तिनं येऊन जाळीला तेलाचा बोळा लावला, कोळसे सारखे केले, मांस कधी पलटायचं ते सांगितलं. आणि मुख्य म्हणजे तिनं सौ. च्या गळ्यातली माळ पाहिली. सौ. भाजलेलं टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, वाटीतल्या पातळ चटणीत बुडवणार तेवढ्यात ही पोरगी जवळजवळ ओरडलीच, "आंटी, रुको, उसमें मछली है!"

वाटीत काय होतं तर लिंबू, साखर, पाणी, लसूण, लाल मिरचीचे काप. दिसायला अगदी लिंबाचं सरबत, मासा म्हणून नावाला दिसत नाही. पण खारटपणा सगळा फिश सॉसचा. व्हिएतनाममध्ये छोटे मासे आणि मीठ लाकडी पिंपात थर लावून वर्षभर मुरवतात, त्याचं जे पाणी सुटते ते नुओक माम. फू क्वॉक बेटाचं त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या स्वयंपाकात ते आपल्या मिठासारखं जिकडंतिकडं पडते. आता मला सांगा, मेनूवर टोफूपुढं हिरवा ठिपका, आणि त्याच्यासोबतच्या वाटीत मासा, आणि ते कुठंही लिहिलेलं नाही. माझ्या बायकोनं तीस वर्षं पाळलेली गोष्ट एका वाटीपायी मोडली असती. त्या पोरीनं आतून सोया सॉसची वेगळी वाटी आणून दिली आणि सांगितलं की व्हिएतनामीत शाकाहाराला 'चाय' म्हणतात, असं काही पाहिजे असेल तर तो शब्द वापरा. सौ. म्हणे बरं झालं सांगितलं, नाहीतर मी शेवटी चाय मागणारच होती. नंतर जावईबापूंनी सांगितलं की तिथले पुष्कळ बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहारच करतात. म्हणजे आपली एकादशी तशी त्यांची पौर्णिमा, आणि त्या दिवशी फिश सॉससुद्धा बंद.

आता बिल. मी बँकेत एकतीस वर्षं व्हाउचर तपासले, त्यामुळं बिल आधी मीच हातात घेतो, पैसे कोणीही देवो. जेवणाचे ४,८६० रुपये. खाली सर्व्हिस चार्ज १० टक्के, ४८६ रुपये. आणि त्या दोघांच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी, २६७ रुपये ३० पैसे. एकूण ५,६१३ रुपये ३० पैसे. म्हणजे सर्व्हिस चार्ज लावला तो लावला, वर त्याच्यावर टॅक्स पण आमच्याकडूनच. नुसत्या जेवणावर जीएसटी लावला असता तर ५,१०३ झाले असते. फरक ५१० रुपये ३० पैसे, आणि हे कशाबद्दल, तर मांस आम्ही भाजलं, पलटवलं आम्ही, पापड भिजवला आम्ही, बोट माझं पोळलं.

मॅनेजरला बोलावलं. तो म्हणे सर, हा ऑप्शनल असतो. मी म्हटलं ऑप्शनल आहे तर मला कोणी विचारलं? तर म्हणे मेनूवर लिहिलं आहे. शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं खरं. जावईबापू म्हणाले बाबा जाऊ द्या ना, लोक पाहून राहिले. पण मी नाही जाऊ दिलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ लाच सूचना काढल्या आहेत की हॉटेलनं आपल्या मनानं बिलात सर्व्हिस चार्ज टाकायचा नाही, दुसरं नाव देऊनही घ्यायचा नाही, आणि त्याच्यावर जीएसटी तर नाहीच. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, तर २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानं प्राधिकरणाच्याच बाजूनं निकाल दिला. मी एवढंच शांतपणे सांगितलं आणि १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मोबाइलवर लावून ठेवला, फक्त हिरवं बटन दाबायचं बाकी. दोन मिनिटांत नवीन बिल आलं, ५,१०३ चं.

मी कंजूस आहे असं कोणाला वाटू नये. निघताना त्या पोरीला मी वेगळे पाचशे रुपये हातात दिले. तिला हळूच विचारलं की बेटा, हा सर्व्हिस चार्ज तुम्हाला मिळते का? ती काही बोलली नाही, मॅनेजर उभा होता तिकडं पाहिलं आणि नुसती हसली. माझ्या मते त्या दोन तासांत सर्व्हिस म्हणावी अशी एकच गोष्ट झाली, ती म्हणजे तिनं बायकोचा हात धरून थांबवला ते, आणि तिच्यापर्यंत त्या ४८६ मधला एक रुपया तरी पोचला असता का याचा मला भरवसा नाही.

आता नागपूरबद्दल. परवा इथल्या एका अशाच शेगडीवाल्या हॉटेलात भाच्याच्या पार्टीला गेलो तर बिलात तीच ओळ. व्हेज काउंटरवरच्या सॉसमध्ये काय आहे हे विचारलं तर वेटर आत जाऊन आला आणि "सब व्हेज है सर" म्हणाला, बाटली दाखवा म्हटलं तर बाटली काही आली नाही. आपल्याकडं माळकरी आहेत, जैन मंडळी आहेत, श्रावण पाळणारे आहेत, आणि कोणाला माशाची अॅलर्जीसुद्धा असते. फिश सॉस, ऑयस्टर सॉस, झिंग्याची पेस्ट वापरत असाल तर पदार्थापुढं मराठीत ठसठशीत लिहा, एवढंच मागणं आहे. तुमच्या वार्ताहरानं शहरातल्या चार हॉटेलांची बिलं आणि मेनू एकदा पाहावे अशी विनंती. मुंबईचं जुनं बिल आणि नवं बिल दोन्ही मी जपून ठेवले आहेत, छापायचे असतील तर झेरॉक्स पाठवतो.

आपला,
एक जुना वाचक, मानेवाडा, नागपूर