तो एक तास तरी मास्तरले सोडा

संपादक साहेब, नमस्कार.

निपुण भारत या पोरांना लिहा-वाचायला शिकवायच्या सरकारी योजनेबद्दल पेपरात अधूनमधून वाचतो, आता राहवलं नाही म्हणून लिहून राहिलो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मास्तर होतो, आता रिटायर.

1995 मध्ये मुंबईच्या झोपडपट्टीतल्या बालवाड्यांपासून 'प्रथम' या संस्थेचं काम सुरू झालं, 2005 पासून तिच्या 'असर' या पाहणीचे लोक घरोघरी जाऊन पोरांचं वाचन तपासू लागले, 2007 मध्ये तिचीच रीड इंडिया ही वाचनाची मोहीम आली आणि 2021 मध्ये केंद्रानंच निपुण भारत काढलं, की 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक पोराला समजून वाचता आलं पाहिजे. काम देशभर पसरलं, चांगलंच झालं. पण असर 2024 बघा, खेड्यांतल्या तिसरीच्या शंभरातल्या 27 पोरांनाच दुसरीचा धडा वाचता येतो. 2022 मध्ये तर वीसेकच होते.

वाचायला शिकवण्यात जादू काही नाही हो. रोज तासभर इयत्ता विसरायची, अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे, गोष्ट वाचणारे वेगळे. मी केलंय. चौथीतला एक पोट्टा तिसरीच्या पोरांसोबत अक्षरगटात बसायला लाजे, पण खडूनं फरशीवर गिरवता गिरवता पोळ्यापर्यंत शब्द वाचायला लागला, मग कापूस वेचणी लागली, मायबापासोबत वावरात गेला तो महिनाभर दिसलाच नाही, आला तेव्हा पुन्हा अक्षरापासून. हे तक्त्यात कुठे भरायचं?

आणि भाषेचं वेगळंच. 'शेत' लिहिलेलं चित्र पाहून आमचं पोरगं बिनधास्त 'वावर' वाचते. वाचता येत नाही हे खरं, पण समजलं तर त्याला सगळंच ना! पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, कोलाम पोरांची तर घरची बोलीच कोलामी, त्यांना मराठीच आधी कानावर पडू द्यावी लागते, त्याला वेळ जातो.

वेळेचंच सांगतो. इकडे उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडते आणि दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते, म्हणजे हातात धड चारच महिने, त्यात दोन मास्तर चार वर्ग, त्यातला एक मीटिंगला नाही तर मोबाईलवर फोटो अपलोड करत बसलेला. निदान या चार महिन्यांत वाचनाच्या त्या तासाला मास्तरला वर्गाबाहेर बोलावू नका, माहिती काय मागायची ते शाळा सुटल्यावर मागा.

एक रिटायर मास्तर, जि. यवतमाळ