हातचा कुठे हरवतो?

महोदय,

परीक्षा जवळ आली की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘एवढं साधं गणित येत नाही तुला?’ मी अनेक वर्षे पाचवीला गणित शिकवले. एक मुलगी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. ४७ अधिक ३८ ती बाकावर बोटाने गिरवत अचूक करायची. फळ्याशी उभे केले की खडू घट्ट आवळून, माझ्याकडे बघत ७५ लिहायची. सात नि आठ पंधरा, पाच मांडले आणि हातचा गेला! मी तिला निष्काळजी म्हणून रागावले, याचे आज फार वाईट वाटते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये नेमके हेच दाखवून दिले. काही अक्षरे लक्षात ठेवून बेरजा करायला सांगितल्यावर गणिताची धास्ती असलेले विद्यार्थी हातच्याच्या बेरजांत जास्त चुकले. आकडे तात्पुरते धरून ठेवायला मनात जागा थोडीच असते. ‘चुकलं तर?’ हा विचार तीच जागा अडवतो. मूल ढ नसते, त्याचे डोके त्या क्षणी दुसरीकडे गुंतलेले असते.

शिक्षकांना आणि पालकांना कळकळीची विनंती आहे. मुलाला हातचा कागदावर मांडू द्या, घड्याळ लावून पाढे म्हणून घेऊ नका, आणि उत्तर चुकले तर आधी ‘कसं केलंस, सांग बरं’ एवढेच विचारा.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा