मोजलंच नसतं तर?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या विशेष शिक्षणावरचा लेख वाचला आणि चहा गार झाला. मुलांची वंशानुसार मोजदाद करणं हाच मुळात वंशवाद, असं लेखकमहाशयांचं म्हणणं. वा! मग आपल्याकडचे पर्जन्यमापकही काढून टाकू, दुष्काळ आपोआप हटेल.

मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत नऊ वर्षं 'पॅरा' होते. म्हणजे विशेष गरजेच्या मुलाशेजारी दिवसभर बसणारी मदतनीस. पगार बेताचा, मत कुणी विचारत नाही. दुसरीच्या वर्गात दोन मुलं होती. घंटा झाली की दोघंही कानांवर हात दाबून टेबलाखाली शिरायची. दोघंही मला एकेकदा चावलीत. एक आपल्याकडचा, आईवडील आयटीत. दुसरा कृष्णवर्णीय, आई रात्रपाळीला. चाइल्ड स्टडी टीमच्या, म्हणजे कुठल्या मुलाला विशेष शिक्षण लागेल ते ठरवणाऱ्या शाळेतल्या गटाच्या, बैठका झाल्या. पहिल्याच्या आईने बाहेरच्या डॉक्टरचा जाडजूड अहवाल आणला होता. त्याच्या कागदावर 'ऑटिझम' आलं, मागोमाग स्पीच थेरपी. दुसऱ्याच्या कागदावर 'इमोशनल डिस्टर्बन्स', म्हणजे भावना-वर्तनाचा बिघाड, आणि रवानगी तळमजल्यावरच्या वेगळ्या वर्गात. त्याचे आवाज रोखणारे निळे हेडफोन आमच्याकडेच राहिले होते. ते द्यायला खाली गेले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "इथे नाही लागणार. इथे आम्ही वागायला शिकवतो."

तेव्हा मला काही खटकलं का? खोटं कशाला बोलू, नाही खटकलं. बैठकीतली माणसं भली होती, प्रत्येक निर्णयाला कारण होतं. पुढे डिस्ट्रिक्टचे, म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या सरकारी शाळांचे, वंशानुसार आकडे समोर आले, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

लेखक म्हणतात, अशी मोजदाद म्हणजे कोटा. कसला कोटा? 2016 च्या केंद्रीय नियमातला हिशेब साधा आहे. 100 कृष्णवर्णीय मुलांपैकी 6 जणांवर एखादा शिक्का आणि बाकीच्या 100 पैकी दोघांवर, तर गुणोत्तर 3. राज्याने ठरवलेली मर्यादा ओलांडली, तर डिस्ट्रिक्टने विशेष शिक्षणाच्या केंद्रीय निधीतले 15 टक्के मुलांना वेळीच मदत देण्यावर खर्चायचे. 2018 मध्ये तेव्हाच्या शिक्षणमंत्री बेट्सी डेव्होस यांच्या खात्याने हा नियम दोन वर्षं पुढे ढकलला आणि 2019 मध्ये न्यायालयाने ती ढकलाढकल बेकायदा ठरवली, हे लेखातून नेमकं गळलंय. आयक्यू चाचण्यांवरून कृष्णवर्णीय मुलांना 'मंद' ठरवण्याविरुद्धचा, कॅलिफोर्नियातला 1979 चा लॅरी पी. खटलाही गळलाय. तिथे एकूण विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय साधारण 10 टक्के, आणि 'मंद' मुलांच्या वर्गांत 25 टक्के. मोजलंच नसतं तर न्यायाधीशांपुढे ठेवलं काय असतं?

एक मात्र मान्य. आकडा खाली यावा म्हणून आमच्याकडे एक वर्ष कृष्णवर्णीय मुलांच्या विशेष शिक्षणासाठीच्या शिफारशीच दाबून ठेवल्या होत्या. वाचता न येणारी एक पोर त्यात वर्षभर लटकली. लेखकांनी यावर लिहिलं असतं तर मीच शाबासकीचं पत्र पाठवलं असतं.

जाता जाता. तुमच्या मथळ्यात 'मतिमंद' हा शब्द आहे. अमेरिकेने तसला शब्द 2010 मध्ये कायदा करून आपल्या शिक्षण, आरोग्य आणि रोजगाराच्या केंद्रीय कायद्यांतून काढला. तुमच्या उपसंपादकांना अजून सुचलेलं दिसत नाही. फोटोखालीही तोच शब्द. फोटोतला मुलगा नुसता व्हीलचेअरवर बसलाय. त्याच्या बुद्धीचं माप तुमच्या कचेरीत कुणी काढलं?

आपली,
एक निवृत्त पॅरा, कोथरूड, पुणे